गोलाणू ओळखण्याआधी पेशी समजून घ्या

नागपुरात बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र निवडणारे बरेच विद्यार्थी सुरुवातीलाच जोडी, साखळी, चौकडी, घोस असे गोलाणूंचे (गोल आकाराच्या जिवाणूंचे) प्रकार पाठ करतात आणि पेशीविज्ञानाचे प्रकरण अकरावी-बारावीत झाले आहे असे समजून बाजूला ठेवतात. माझा अनुभव असा, की गोलाणूंची रचना पेशीविभाजनातूनच उलगडते, त्यामुळे अभ्यासाचा क्रम उलटा ठेवावा.

जिवाणूच्या पेशीत पटलबद्ध केंद्रक नसते. विभाजनाच्या वेळी एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यावर तयार होते आणि तेथे नवी भित्तिका (पेशीभोवतीची भिंत) घातली जाते. स्ट्रेप्टोकोकस प्रत्येक वेळी एकाच दिशेने विभागला जातो आणि पेशी चिकटून राहतात, म्हणून साखळी होते. स्टॅफिलोकोकसमध्ये विभाजनाचे प्रतल दर पिढीला बदलते, म्हणून द्राक्षांसारखा घोस दिसतो. सार्सिनामध्ये हेच तीन दिशांनी शिस्तीत घडले की आठ पेशींचा घन तयार होतो. दंडाणूंना (दांड्यासारख्या जिवाणूंना) लांबट ठेवणारे एमआरईबी हे प्रथिन स्टॅफिलोकोकसमध्ये नसते, हेही येथेच लक्षात घ्यावे. एवढे समजले की पाठांतराला फारसे काही उरत नाही.

१८८४ साली प्रसिद्ध झालेले ग्रॅम रंजन, म्हणजे आधी जांभळा आणि नंतर गुलाबी रंग देऊन जिवाणूंचे दोन गट ओळखण्याची पद्धत, हेही भित्तिकेच्या जाडीवर अवलंबून आहे. भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन या पदार्थाचा जाड थर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन यांचे संयुग धरून ठेवतो. पातळ थरातून ते अल्कोहोलने निघून जाते. म्हणून प्रात्यक्षिकात सर्वांत जास्त लक्ष अल्कोहोलच्या पायरीकडे द्यावे, कारण ती लांबली तर जांभळे गोलाणूही गुलाबी दिसतात. संवर्धन (वाढवलेले जिवाणू) ताजे, साधारण अठरा ते चोवीस तासांचे असावे. जुन्या पेशींची भित्तिका कमकुवत होते आणि रंग फसवतो. साखळी पाहायची असेल तर अगार या घट्ट माध्यमावरच्या वसाहतीऐवजी द्रव माध्यमातून स्मिअर (काचपट्टीवरचा पातळ थर) करावा, तो पातळ पसरवावा आणि शंभरपट ऑइल इमर्शन भिंगाखाली पाहावा. एक मायक्रोमीटरच्या आसपास व्यास असलेल्या पेशी दाट थरात कितीही निरखल्या तरी त्यांची मांडणी कळत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जिवाणू वाढवण्यासाठीचा साधा इन्क्युबेटर (उबवणी यंत्र) फक्त गरम करतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान चाळीसच्या पुढे गेले तर ३७ अंशांची खूण निरर्थक ठरते, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवून रोज नोंद करावी.

घोस की साखळी असा संशय उरल्यास कॅटलेज या हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणाऱ्या विकराची चाचणी करावी. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात स्टॅफिलोकोकस बुडबुडे काढतो, स्ट्रेप्टोकोकस काढत नाही. मात्र वसाहत रक्त-अगारवरून घेतली असेल, तर सोबत रक्तपेशी येऊ देऊ नयेत. त्यांच्यातही कॅटलेज असते आणि तेवढ्याने बुडबुडे येतात.