घंगाळ्यावरचं नाव

पुण्यात कसब्यातला वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आणि माळा आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तांबटआळी हाकेवर, म्हणून जुनी भांडी मोडीत घालायला घेऊन गेले. दुकानदारानं घंगाळ उलटं केलं नि म्हणाला, "ताई, नाव बघून घ्या." काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं एका बाईचं नाव, पुढे शके १८४९. या नावाची बाई आमच्या घरात कधी झालीच नव्हती.

आत्याला विचारलं. ती हसली. "अगं, ती माझी आईच. लग्नात नाव बदललं ना तिचं!" आजीचं माहेरचं नाव नातवंडांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. घंगाळ परत आणलं आणि मी घराण्याची माहिती शोधायच्या नादाला लागले.

तेव्हा तुम्हीही आधी भांडी पालथी करा. लग्नपत्रिका, फोटोंची मागची बाजू, श्राद्धाच्या नावांची वही हेही काढा. महालयाला वडिलांकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांकडचीही नावं घेतात. वही नसेल तर ती गुरुजींकडे असू शकते. शके दिसलं की ७८ मिळवा. जानेवारी ते पाडव्याच्या आतली तारीख असेल तर ७९. माझं घंगाळ अशा हिशेबानं १९२७-२८ चं.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. "घराण्याचा इतिहास सांगा" म्हणालात तर आत्या ताठ बसून पेशव्यांपासून सुरू करते, आणि त्यातलं निम्मं ऐकीव असतं. त्यापेक्षा मटार सोलत बसा आणि विचारा, तुझ्या लग्नात रुखवत कुणी मांडलं? दिवाळीला कोण यायचं? बाळंतपणाला आई कुठे गेली होती? फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, हातात वही नको.

बाळंतपणाचा प्रश्न सगळ्यात कामाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आजोबांच्या जन्माची नोंद आपल्या गावात सापडली नाही तर त्यांच्या आजोळच्या गावी शोधा. गावचं जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर म्हणजे तेव्हाचा गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसील कार्यालयात चौकशी करा. कित्येकदा मुलाचं नाव नसतं, "अमक्यास मुलगा" एवढंच. शाळेचा दाखला त्याहून सोपा, जन्मगावही कळतं.

आमच्याकडे कुठलाही कागद मागितला की एकच उत्तर, "पानशेतात गेला." १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतून पुष्कळ कागद वाहून गेले हे खरं, पण आमचा वाडा चढावर! मी हट्टानं ट्रंका उघडल्या, तर तळाशी मोडी लिपीतलं एक बाड निघालं.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, म्हणून एकच आडनाव दोन तऱ्हांनी वाचता येतं. जाणकाराला दाखवा. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१० चं) आणि पेशवे दप्तर जिथे आहे ते पुणे अभिलेखागार ही दोन ठिकाणं ध्यानात ठेवा. पण तिथे गाव, साल आणि आडनाव हातात असल्याशिवाय जाऊ नका, रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरांच्या, ढिगात हरवाल.

छापील कुलवृत्तांत मिळाला तर जरूर बघा. आमच्या कुलवृत्तांतात आजीचं फक्त सासरचं नाव आहे. मी पेन्सिलीनं शेजारी दुसरं लिहिलंय.