एका गुणाची आघाडी, दोन मिनिटं बाकी: कबड्डीत काय करायचं

ठाण्यातल्या कळवा-खारेगावपासून नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीपर्यंत शेजारशेजारची मंडळं वर्षानुवर्षं एकमेकांशी भिडत आलेली असतात. कुणाचा कोणता हात चालतो, कुठला कोपरा (म्हणजे कडेला उभा राहणारा बचावपटू) घाई करतो, हे दोन्हीकडे पाठ असतं. अशा सामन्यात नवा डाव सहसा चालत नाही. सामना सुटतो तो मोजण्यावर.

आधी रिकाम्या चढाया मोजा, म्हणजे ज्यांत गुणही आला नाही आणि कुणी बादही झालं नाही अशा. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. (हा नियम आणि अव्वल पकडीचा, म्हणजे तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला दोन गुण देण्याचा, नियम स्पर्धेत लागू आहे का, ते नाणेफेकीआधीच पंचांना विचारून घ्या.) चढाई ३० सेकंदांची. आघाडीवरचा संघ पूर्ण वेळ खातो, मागे पडलेला पंधरा-वीस सेकंदांत परततो. म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत तुमच्या वाट्याला दोन, फार तर तीन चढाया. म्हणून तिसऱ्या चढाईची पाळी दोन-अडीच मिनिटं बाकी असतानाच उरकून घ्या. तेव्हा पकड झाली तरी भरून काढायला वेळ असतो, आणि पुढच्या दोन चढाया रिकाम्या नेता येतात.

वेळ काढायची चढाई वाटते तितकी सोपी नाही. पहिल्या सात-आठ सेकंदांत मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा ओलांडून मोकळे व्हा. ती राहिली आणि स्पर्शही झाला नाही, तर सुखरूप परतूनही बाद. मग मैदानाच्या मधोमध राहा, कोपऱ्याच्या हाताच्या टप्प्यात जाऊ नका. दम, म्हणजे ‘कबड्डी-कबड्डी’चा उच्चार, खणखणीत हवा, तो तुटला तर पंच बाद देतील. पंचविसाव्या सेकंदाला बाकावरून हाक द्यायचं काम एकालाच सांगा. चौघं ओरडले की काहीच ऐकू येत नाही.

बोनसचा मोह इथेच नडतो. तो समोर सहा किंवा सात खेळाडू असतानाच मिळतो. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा हवेत असायला हवा. मागची टाच जमिनीवर राहिली तर गुण नाही, आणि मध्यरेषेपासून ४.७५ मीटर आत तुमचा घोटा कोपऱ्याच्या हातात.

समोर तीन किंवा त्याहून कमी उरले असतील तर आणखी सावध. पकड झाली की त्यांना एकाऐवजी दोन गुण आणि तुमची आघाडी गेली. अशा वेळी बोनसही नसतो, म्हणून निदानरेषा ओलांडा आणि मागे या.

बचावात सगळ्यात महाग पडते ती एकट्याची झेप. कोपऱ्यानं पाय धरला, पण शेजारचा साथीला अर्धं पाऊल उशिरा आला, की चढाईपटू ओढत मध्यरेषा गाठतो आणि दोन गुण नेतो. साखळीतल्या दोघांनी हात सोडू नये. कोपरा उठला की त्याच क्षणी साखळीनं परतीची वाट बंद करावी. स्पर्श होण्याआधी राखीव क्षेत्रात (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांत) पाय पडला तर तुम्हीच बाद. झटापट सुरू झाली की ते क्षेत्रही खेळात येतं, त्यामुळे धरलेल्याला आतल्या बाजूला वळवा, बाहेर ढकलायला जाऊ नका.

खाडीकडच्या दमट हवेत आणि घामानं मॅट निसरडी होते. एक टाइमआउट शेवटासाठी राखा आणि त्यात कोपऱ्यांच्या जागा पुसून घ्या.

जुन्या चुरशीत पंचांशी वाद पेटतोच. बोलायचं फक्त कर्णधारानं. पिवळं कार्ड म्हणजे २ मिनिटं मैदानाबाहेर, म्हणजे उरलेला सगळा सामना सहा जणांनिशी.

बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया. पाच नावं क्रमानं आधी द्यावी लागतात, कुणी बाद होत नाही, फक्त गुण मोजतात. इथे निदानरेषाच बोनस रेषा ठरते, म्हणून बचाव नेहमीपेक्षा एक पाऊल पुढे उभा करा. पाय चपळ असलेला पहिला पाठवा, सगळ्यात शांत डोक्याचा पाचवा. दमलेल्या हुकमी चढाईपटूला मध्ये, तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तरीही बरोबरीच राहिली तर नाणेफेक जिंकणाऱ्याला सुवर्ण चढाई, म्हणजे निकालासाठीची जादा चढाई, मिळते, तेव्हा ती कोण करणार हे आधीच ठरलेलं असू द्या.