परदेशातल्या कॉन्फरन्सला निघताना: नाव, तारीख आणि खर्च

पेपर स्वीकारल्याची मेल आली की आधी पासपोर्ट काढून बघा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी (तिथल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत दिलेला असावा लागतो. तिथून निघण्याच्या तारखेनंतर तो किमान 3 महिने वैध असावा आणि त्यात 2 कोरी पानं असावीत. त्याच बैठकीत पासपोर्टवर नाव कसं छापलंय ते जसंच्या तसं लिहून घ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून असतं. लग्नानंतर आडनाव एकीकडे बदललेलं आणि दुसरीकडे तसंच राहिलेलं, हेही नेहमीचं. पेपरवर नाव काहीही असो. नोंदणी, निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट यांवर पासपोर्टवरचंच नाव हवं. निमंत्रणपत्रात पासपोर्टचा नंबर घालायला आयोजकांना आवर्जून सांगा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 पर्यंत जातात. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. मे-जूनमध्ये सहलीला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा हव्या त्या तारखा मिळत नाहीत. म्हणून नोंदणी झाल्या झाल्या तारीख धरून ठेवावी. पुण्यातल्या व्हिसा केंद्रात प्रत्येक देशाचा अर्ज घेतला जातोच असं नाही. काही देशांसाठी मुंबई गाठावी लागते. प्रौढांसाठी फी 90 युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज फेटाळला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा घ्यावा.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा कागद कमी पडले म्हणून नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. निमंत्रणपत्रात कॉन्फरन्स 9 ते 12, हॉटेल 8 ते 13, कॉलेजने मंजूर केलेली रजा मात्र 10 ते 12, असं दिसलं की अधिकाऱ्याला शंका येणारच. खर्चाचंही तसंच. एनओसीत, म्हणजे संस्थेच्या ना-हरकत पत्रात, संस्था खर्च करणार असं लिहिलेलं आणि अर्जात 'स्वतः' यावर खूण, हे चालत नाही. विमानभाडं संस्थेचं, राहणं-खाणं स्वतःचं असेल तर कव्हर लेटरमध्ये तसंच स्पष्ट लिहा आणि त्याला पुरेल इतकी शिल्लक बँक स्टेटमेंटमध्ये दिसू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. तिचा हिशोब द्यावा लागतो. सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि एकदा फक्त नावं, एकदा फक्त तारखा, एकदा फक्त पैसे अशा तीन फेऱ्या मारा. अर्धा तास जातो, पण चूक नक्की सापडते.

पासपोर्ट हातात आला की व्हिसाचा स्टिकर वाचा. त्यावर वैधतेच्या दोन तारखा असतात आणि राहण्याचे दिवस वेगळे छापलेले असतात. तारखा 5 ते 30 असल्या तरी दिवस 8 असतील, तर 8 दिवसच राहता येतं, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. प्रवेश '01', म्हणजे एकदाच, असेल तर मध्येच शेंगेनबाहेरच्या लंडनला जाऊन परत येता येणार नाही.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि इथेच तारखेचा घोळ होतो. तिकिटावर 15 तारीख, वेळ 01:20 असेल तर पुण्यातून 14 तारखेला दुपारी निघायचं. विमानतळावर 3 तास आधी पोचायचं, रस्त्याचे 4 तास आणि बोरघाटासाठी 2 तास राखीव, म्हणजे चार-सव्वाचारला गाडी दारात हवी. रविवारची संध्याकाळ किंवा पावसाळा असेल तर आणखी आधी. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्ली किंवा मुंबईमार्गे जायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. युरोपात विमान बदलायचं असेल तर इमिग्रेशन पहिल्याच शेंगेन विमानतळावर होतं. आता तिथे बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, त्यामुळे मध्ये 2 तासांहून कमी वेळ ठेवू नका.

पोस्टर असेल तर आयोजकांनी दिलेलं बोर्डाचं माप आणि दिशा पाहूनच मांडणी सुरू करा. ए-झीरो म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. बोर्ड उभा असताना पोस्टर आडवं केलं तर ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. कागदी पोस्टरची नळी जवळपास 90 सेंटीमीटरची होते, केबिनमध्ये नेण्यावरून वाद होऊ शकतो. कापडावर छापून घेतलं की घडी घालून बॅगेत बसतं, चुरगळलं तरी इस्त्री फिरवता येते. स्लाइड्सची पीडीएफ प्रत फाँट एम्बेड करून (फाइलमध्येच सामावून) पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर तिथल्या संगणकावर देवनागरीचे चौकोन दिसतात.

पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॉट-अवर, ती चालते. मर्यादा 100 ची आहे. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत ठेवू नका, ते ज्वलनशील मानतात. युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवा. हापूसही नको, त्याला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. भाकरवडी, चिवडा, मेतकूट बिनधास्त न्या. आपला तीन गोल पिनांचा प्लग जर्मनी-फ्रान्सच्या सॉकेटमध्ये बसत नाही. दोन अ‍ॅडॅप्टर घ्या, एक लॅपटॉपला आणि एक फोनला.

पैशांसाठी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड) आणि थोडी रोकड पुरते. नेहमीच्या डेबिट आणि क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून इथूनच सुरू करून ठेवा. ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंगही इथूनच. तिथे कार्ड मशीनने 'रुपये की युरो' असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दुकानदाराकडचा महाग दर लागतो.

खर्च संस्थेकडून किंवा सरकारी अनुदानातून परत घ्यायचा असेल तर तिकीट काढण्याआधीच लेखा विभागाला नियम विचारा. सरकारी पैशाचं तिकीट ठरावीक अधिकृत एजंटांकडूनच घ्यावं लागतं, स्वतः ऑनलाइन काढलेलं अडकून राहतं. दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास, नोंदणी शुल्काची पावती आणि हजेरीचं प्रमाणपत्र एकाच पाकिटात ठेवा. प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी दुपारीच मागून घ्या, नंतर मेलवर पाठपुरावा करत बसावं लागतं. टॅक्सीच्या आणि जेवणाच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, महिन्याभरात पुसट होतात. त्यांचे फोटो त्याच रात्री काढून ठेवा.