लेसरने निघालेल्या प्रोटॉनांना तारेच्या कॉइलमधून कसं बांधायचं

तीव्र लेसर धातूच्या पातळ फॉइलवर पडला, की फॉइलच्या मागच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या पाण्याच्या आणि तेलकट थरातून प्रोटॉन सुटतात. ते वीसएक अंशांच्या अर्धकोनात पसरतात, आणि त्यांच्यात कमी-जास्त सगळ्या ऊर्जा मिसळलेल्या असतात. २००६ साली फ्रान्समधल्या प्रयोगात यावर दुसरा लेसर वापरला होता: तो एका पोकळ नळीच्या बाहेरच्या भिंतीवर मारायचा आणि नळीत तयार होणाऱ्या क्षेत्राने प्रोटॉन एकत्र आणायचे. कल्पना सुरेख, पण दोन लेसर पिकोसेकंदांच्या (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) अचूकतेने जुळवावे लागतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले सत्यब्रत कर आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये मांडलेली कॉइल एकाच लेसरवर चालते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करायची असेल तर हीच पद्धत निवडावी.

लेसर फॉइलमधून इलेक्ट्रॉन उडवतो आणि फॉइल धन प्रभाराची होते. फॉइलला तार जोडलेली असेल तर हा प्रभार काही दशक पिकोसेकंदांचा स्पंद बनून तारेवरून जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतो. तीच तार प्रोटॉनांच्या वाटेभोवती गुंडाळली की स्पंद प्रत्येक वेढ्यात गोल फिरत पुढे सरकतो. धन प्रभाराचं कडं प्रोटॉनांना अक्षाकडे ढकलतं. स्पंदाच्या किंचित पुढे असलेल्यांना पुढेही ढकलतं, मागे राहिलेल्यांना मात्र अडवतं. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे.

पहिलं काम पिच काढण्याचं, म्हणजे लगतच्या दोन वेढ्यांमधलं अंतर. प्रोटॉनचा वेग प्रकाशवेगाच्या किती पट आहे ते घ्या आणि त्याला एका वेढ्याच्या परिघाने गुणा. परिघ तारेच्या मध्यापासून मोजायचा. ०.१ मिमी तार आणि ०.७ मिमी आतला व्यास धरला तर मध्याचा व्यास ०.८ आणि परिघ सुमारे २.५१ मिमी येतो. ८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या ०.१३ पट, म्हणून पिच ०.३३ मिमी. ५ साठी ती ०.२६ आणि १० साठी ०.३६ मिमी. ताळा करून पाहा: ०.३३ पिचचे २५ वेढे म्हणजे सव्वाआठ मिमी लांबी. ती पार करायला प्रोटॉनला साधारण २१० पिकोसेकंद लागतात, आणि वेढ्यांतल्या ६३ मिमी तारेवरून स्पंदालाही तेवढेच. प्रोटॉन वेग घेत पुढे निघून जातात, म्हणून शेवटाकडे पिच हळूहळू वाढवता येते. तरी सुरुवात सारख्या पिचने करावी, नाहीतर चूक कुठे झाली ते कळत नाही.

कॉइल वळायला योग्य पिचचे आटे पाडलेली दांडी लागते. तार आट्यात बसवून सतत ताणून ठेवायची. सोडली की ती उसळून उघडते आणि व्यास वाढतो, त्यामुळे दांडी हव्या व्यासापेक्षा बारीक घ्यावी. किती बारीक, ते तारेच्या धातूवर आणि कडकपणावर ठरतं. दोन-तीन नमुने वळून मोजल्याशिवाय कळत नाही. दांडीवरून उतरवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वेढ्याचं अंतर मोजा. दांडीवरची पिच आणि सुटलेल्या कॉइलची पिच वेगळी असते; हिशेबात दुसरी धरायची. दोन वेढे कुठेही टेकले तर स्पंद तिथून उडी मारतो आणि पुढची जुळणी बिघडते. अशी कॉइल टाकून द्या.

आता जोडणी. फॉइल १० मायक्रोमीटरच्या आसपास जाडीची. तारेचं टोक तिला चांदीच्या वाहक इपॉक्सीने, अगदी बारीक थेंबाने चिकटवा. दुसरं टोक अर्थिंगला. फॉइलला अर्थिंगकडे जाणारी दुसरी वाट नको, कारण प्रभार वाटला गेला तर कॉइलमध्ये क्षेत्र तेवढं कमी पडतं. फॉइल धरून ठेवणारा आधार विद्युतरोधक हवा.

पहिला वेढा फॉइलपासून १ मिमीवर असेल तर ८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन तिथे २६ पिकोसेकंदांनी पोचतो. तेवढ्यात स्पंद ७.७ मिमी तार चालून जातो. म्हणून लेसरच्या बिंदूपासून पहिल्या वेढ्यापर्यंतची वाट (फॉइलवरचा भाग धरून) ७.७ मिमीपेक्षा किंचित जास्त ठेवावी, म्हणजे प्रोटॉन स्पंदाच्या थोडे पुढे राहतील. ३ मिमी जादा तारेने १० पिकोसेकंद उशीर होतो. लहान वाट ही सर्रास होणारी चूक: तार नीट दिसावी म्हणून ती सरळ आणि आखूड लावली जाते, आणि स्पंद प्रोटॉनांच्या आधीच निघून जातो.

कॉइल अक्षाशी समांतर आहे का ते मागून उजेड टाकून, दूरच्या टोकाला कॅमेरा लावून पाहा. आतलं छिद्र स्वच्छ वर्तुळ दिसलं पाहिजे. लंबगोल म्हणजे तिरकं. सव्वाआठ मिमी लांबीवर एका अंशाच्या तिरकेपणाने टोक ०.१४ मिमी सरकतं, आणि आतली त्रिज्याच ०.३५ मिमी आहे.

शॉटच्या, म्हणजे लेसर मारण्याच्या, वेळी विद्युतचुंबकीय स्पंदाने मोटारींचे नियंत्रक अडकतात, म्हणून केबलींना धातूचं आवरण असावं. क्ष-किरणही निघतात, त्यामुळे कक्षात कोणी नसल्याची खात्री करणारं कुलूप-यंत्रण चालूच ठेवा. लक्ष्य, म्हणजे फॉइल आणि कॉइल, प्रत्येक शॉटला नष्ट होतं. एका दिवसाच्या मोजणीसाठी एकाच घाटाच्या दहा-बारा कॉइल आणि तितक्याच कॉइलविना फॉइल तयार असाव्यात. तुलना त्याच दिवसाच्या, त्याच लेसर-ऊर्जेच्या शॉटशीच करायची.

मोजायला रेडिओक्रोमिक (प्रारणाने रंग बदलणाऱ्या) फिल्मची चळत लावा, पुढे ॲल्युमिनियमचा पातळ पडदा. जास्त ऊर्जेचे प्रोटॉन खोल जातात, त्यामुळे प्रत्येक फिल्म साधारण एका ऊर्जेचा ठसा घेते. स्कॅन दुसऱ्या दिवशी करा, रंग तोवर स्थिरावतो. एकाग्र डाग ठरवलेल्यापेक्षा कमी ऊर्जेच्या फिल्मवर आला, तर पिच कमी पडली आहे. कोणत्याच फिल्मवर फरक नसेल तर जोडणीवर संशय घ्या. शॉटनंतर तिथे तपासायला काही उरत नाही, म्हणून मल्टीमीटर आधीच लावायचा: फॉइल ते अर्थिंग जोड सलग हवी, आणि कॉइलचं टोक सोडल्यावर फॉइल आणि धातूचा निर्वात कक्ष यांच्यामधला रोध अमर्याद दिसला पाहिजे.