शुभेच्छापत्रे घरी करताना या चुका टाळा

माझ्या कपाटात बिघडलेल्या शुभेच्छापत्रांचा एक पुठ्ठ्याचा डबा आहे. काही पत्रे माझी आहेत, बरीचशी नागपुरातल्या माझ्या वर्गाला आलेल्या मुलींची आणि गृहिणींची आहेत, आणि नवा वर्ग सुरू झाला की मी पहिल्या दिवशी चांगले नमुने न दाखवता हा डबाच टेबलावर उपडा करते. ती पत्रे पुन्हा पुन्हा हाताळताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: दोष ज्या जागी दिसतो, त्या जागी तो बहुधा झालेला नसतो. शाई फिसकटलेली दिसते, पण चूक कागद विकत घेताना झालेली असते. घडी तडकलेली दिसते, पण चूक कागद कापताना झालेली असते. म्हणून पत्र बिघडले की हाताला किंवा ठशाला दोष न देता एकेक पायरी मागे जात तपासावे.

कागदापासून सुरू होणाऱ्या चुका

दुकानात जाऊन नुसते ‘कार्डशीट द्या’ म्हटले, की दुकानदार बहुधा चकचकीत शीट पुढे करतो, कारण ती दिसायला छान असते. चकचकीत कागदावर लेप असतो, तो शाई शोषू देत नाही, आणि पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची दाट शाई, तर त्यावर तासन्‌तास ओलीच राहते. घडीच्या पत्रासाठी २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन असलेला), गुळगुळीत पण लेप नसलेला कागद मागावा. फुलांच्या पाकळ्या किंवा धागे असलेला हातकागद मोहात पाडतो. मात्र त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेषांचा ठसा तुटक उमटतो, त्यामुळे तो पार्श्वभूमीसाठी वापरावा आणि ठसा गुळगुळीत कागदावर घ्यावा. नवा कागद आणला की एका कोपऱ्यावर ठसा उमटवून दहा मिनिटांनी त्यावरून बोट फिरवून पाहावे. शाई बोटाला लागली तर कागद आणि शाई यांचे जुळत नाही, एवढे तिथेच कळते आणि वीस पत्रे वाया जात नाहीत.

घडीवर कागद तडकून पांढरे तंतू दिसू लागले, तर कागदाच्या धाग्याची दिशा चुकलेली असते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात, आणि घडी त्या दिशेला समांतर घातली तरच ती सरळ बसते. शीट न मोडता आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहावी. ज्या बाजूने ती सहज वाकते, त्या बाजूने घडी घ्यावी. घडीआधी पट्टी लावून रेघ दाबणेही आवश्यक आहे. त्यासाठी रिकाम्या बॉलपेनपेक्षा क्रोशाची किंवा विणकामाची सुई चांगली, कारण संपलेले वाटणारे पेन नेमके शेवटच्या पत्रावर शाई सोडते. रेघ दाबल्यावर एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. बहुतेक जण खाचेच्या आत घडी घालतात. वास्तविक उंचवटा घडीच्या आत आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. असे केले म्हणजे बाहेरचे तंतू कमी ताणले जातात.

ठसा पुसट का येतो

पारदर्शक पॉलिमरचा नवा ठसा पहिल्या वेळी शाई धरत नाही, ती थेंबाथेंबाने गोळा होते. ठशावर कारखान्यातला तेलकट थर असतो. खोडरबर त्यावरून हलकेच फिरवला, की तो जातो. शाईच्या पॅडवर ठसा दाबण्याऐवजी ठसा उताणा धरून पॅडच त्यावर हळूहळू टेकवावा. तसे केल्यास शाई फक्त उंच भागावर बसते आणि कडेची सावली येत नाही. दाब देताना ठसा डोलवू नये. रबरी शिक्का मारण्याची कार्यालयीन सवय इथे नडते, कारण डोलवलेल्या ठशाची प्रत्येक रेघ दुहेरी होते. ठसा टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी मध्यापासून कडांपर्यंत सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. तरीही मधला भाग कोरा राहत असेल, तर कागदाखाली एखादे जुने मासिक ठेवावे. कडक टेबलावर जे उमटत नाही ते मऊ बैठकीवर उमटते.

ठशात नंतर जलरंग भरायचे असतील, तर शाई पाण्याने न विरघळणारीच हवी. कार्यालयातली जांभळी शाई पाणी लागताच सगळीकडे फुटते, ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते.

आणखी एक सवय लावून घ्यावी, जिच्याइतका पैसा दुसऱ्या कशाने वाचत नाही: घडीच्या पत्रावर थेट ठसा घेऊ नये. ए६ आकाराच्या पत्राचा दर्शनी भाग १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचा असतो. ९९ गुणिले १४२ मिलिमीटरचा वेगळा तुकडा कापून ठसा त्यावर घ्यावा, तो मनासारखा आला तरच पत्रावर चिकटवावा. चारही बाजूंना ३ मिलिमीटरची रेखीव चौकट आपोआप मिळते.

कूलर, पंखा आणि सोनेरी पावडर

उठावाच्या कामात, म्हणजे ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर टाकून ती उष्णतेने वितळवण्याच्या पद्धतीत, नागपूरची हवा स्वतःच एक अडचण होऊन बसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, घरोघरी कूलर चालू असतात, आणि वर्ग त्याच खोलीत भरतो.

अशाच एका उन्हाळी वर्गात एका ताईंनी गडद मरून कागदावर समईचा ठसा घेतला. सोनेरी पावडर टाकून त्यांनी कागद झटकला, तर समईभोवती सगळीकडे सोनेरी ठिपके चिकटून राहिले होते. त्या कष्टी होऊन म्हणाल्या, “पावडरच खराब निघाली जी मॅडम.” मी म्हटले, “पावडर चांगली आहे ताई, कागद दमट झाला आहे.” त्यांनी कागदाला हात लावला, तो ओला लागत नव्हता. मग मी त्याच शीटचा दुसरा तुकडा घेतला, कूलर बंद करायला लावला, हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या उपकरणाने, तो तुकडा काही सेकंद शेकला, टाल्कम पावडरची मलमलीच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी त्यावर दोनदा थोपटली आणि त्यांनाच ठसा घ्यायला दिला. पावडर टाकून कागदाच्या मागे टिचकी मारताच जास्तीची पावडर एका झटक्यात उतरली आणि समईची प्रत्येक ज्योत रेखीव उभी राहिली. त्या ताईंनी तो तुकडा तसाच पिशवीत ठेवला. पत्रावर लावला नाही.

कूलरची हवा बाष्पाने भरलेली असते. कागद ते बाष्प ओढून घेतो, पावडर दमट तंतूंना चिकटते, आणि शीटची एकच बाजू ओलावली तर ती वळतेही. पावसाळ्यात कूलर नसतानाही हेच होते, म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवावा. पंखाही बंद हवा, कारण तो पावडर उडवतो. उलट भर उन्हाळ्यात कूलर बंद केल्यावर कोरड्या हवेत साधी डाय शाई, म्हणजे कागदात लगेच मुरणारी पातळ शाई, पावडर टाकण्यापूर्वीच सुकते. उठावासाठी सावकाश सुकणारी पारदर्शक एम्बॉसिंग शाई किंवा पिगमेंट शाईच घ्यावी.

हेअर ड्रायर इथे चालत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवतो. हीट गन नसेल, तर गरम इस्त्री उलटी घट्ट टेकवून पत्र तिच्यावर थोड्या अंतरावर चिमट्याने धरावे आणि जवळ लहान मूल नसावे. रवाळ पावडर एकदम चमकू लागली, की त्या क्षणी उष्णता थांबवावी. जास्त तापवल्यास ती कागदात मुरते, उठाव बसतो आणि भोवती तेलकट डाग दिसतो. तो डाग दुरुस्त होत नाही, तुकडा बदलावाच लागतो.

स्वतः कोरलेला ठसा

खोडरबरवर मराठी अक्षरे कोरताना हमखास होणारी चूक म्हणजे ती सरळ कोरणे. ‘शुभ दीपावली’ उमटताना उलटे येते, आणि वेलांटी भलत्याच बाजूला गेलेली पाहून हिरमोड होतो. बटर पेपरवर पेन्सिलीने मजकूर ठळक लिहावा, तो कागद पालथा करून खोडरबरवर ठेवावा आणि मागून नखाने घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात. शिरोरेखा जाड ठेवावी, कारण सारा शब्द तिलाच टांगलेला असतो. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटा असतो आणि खाली खणताना निखळतो. त्याच्याभोवतीची भिंत उभी न कापता बाहेरच्या बाजूला उतरती ठेवली तर तो टिकतो. बटाट्याचा ठसा कापल्यावर सुती कापडाने टिपून थोडा वेळ ठेवावा, नाही तर त्याचे पाणी रंगात उतरते.

चिकटवणे, उभी चित्रे आणि पाकीट

मोठ्या तुकड्याला पांढरा गोंद भरपूर लावला, की कागद फुगतो आणि पत्र पापडासारखे वाकते, कारण त्या गोंदात पाणी असते. मोठ्या भागाला दुहेरी चिकटपट्टी, बारीक कातरकामाला टाचणीच्या टोकाने गोंद, ही विभागणी ठेवावी. वाकलेले पत्र जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवल्यास बरेचसे सरळ होते.

उघडताच उभे राहणारे चित्र बंद पत्राबाहेर डोकावते, ही मोजमापाची चूक आहे. घडीच्या दोन्ही बाजूंना काटकोनात चिकटवलेल्या चौकोनी पट्टीची खोली आणि उंची यांची बेरीज पत्राच्या एका पानाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. ए६ पत्राचे एक पान १०५ मिलिमीटर रुंद असेल, तर ४० खोली आणि ५५ उंची चालते. ५० आणि ६० चालत नाही. पट्टीवर लावायचे चित्र पुढे येत असेल, तर तेवढे आणखी वजा करावे आणि गोंद लावण्यापूर्वी पत्र एकदा मिटून पाहावे.

पत्र तयार झाल्यावर त्याला बसेल असे पाकीट शोधत फिरणे ही शेवटची चूक. आधी पाकीट आणावे, मग पत्र कापावे; ए६ पत्राला सी६ पाकीट, म्हणजे ११४ गुणिले १६२ मिलिमीटरचे, नेमके बसते. टपालाने पाठवायचे असेल तर वजनही पाहावे, कारण टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. २५० जीएसएमची अख्खी ए४ शीट सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरते, म्हणजे तिचे मोठे पत्र, पाकीट आणि वरची सजावट मिळून पहिला टप्पा सहज ओलांडला जातो. अर्ध्या शीटचे ए६ पत्र पावणेआठ ग्रॅमचे असल्याने सजावटीला वाव उरतो. संक्रांतीच्या पत्रात काटेरी हलव्याची पुडी घालणार असाल, तर ती पत्राच्या घडीत ठेवू नका. साखर ओलावा ओढते आणि शाईवर डाग पाडते. हलवा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत बंद करून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पत्राच्या मागे ठेवावा आणि तिकिटे टपाल कार्यालयात काट्यावर वजन करूनच लावावीत.