‘फायरपॉवर’ असा ऐका

जूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा २०१८चा हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, चांगले हेडफोन घ्या. शफल तर आधी बंद करा. ‘गार्डियन्स’ हा जेमतेम मिनिटभराचा तुकडा पियानोवर सुरू होतो, गिटारी चढत जातात आणि न थांबता ‘रायझिंग फ्रॉम रुइन्स’ उसळतं. मी इथे दर वेळी आवाज वाढवते. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ६६ वर्षांचे होते, तरी काय धार आहे गळ्याला! गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सन्सचा आजार असल्याचं अल्बमच्या महिनाभर आधीच जाहीर झालं होतं. त्यांची गिटार मन लावून ऐका. नंतर याच बँडचा १९८०चा ‘ब्रिटिश स्टील’ लावा. टॉम अ‍ॅलम दोन्हींचे निर्माते, ‘फायरपॉवर’ला जोडीला अँडी स्नीप.