इंप्रेशनिस्ट स्टाईलने चित्र कसं काढायचं: सहा ट्यूब, एक तास आणि दोरीवरचा पंचा

इंप्रेशनिस्ट म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच असतं, चित्र जरा धूसर करायचं, ठिपके मारायचे आणि लांबून बघायचं. मीही आधी तेच केलं होतं. फोटो समोर ठेवला, दोन दिवस बसून नीट झाड काढलं आणि मग मोठा ब्रश घेऊन सगळं फासून टाकलं, म्हटलं झालं. ते चित्र अजून माळ्यावर आहे, बघायला मागू नका.

मुळात इंप्रेशनिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातली फ्रान्समधली चित्रकार मंडळी, ती धूसर काढत नव्हती, ती घाईत होती. उजेड थांबत नाही ना कुणासाठी. आकार थोडा वाकडा झाला तर चालायचं, पण रंग हुकलेला चालायचा नाही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. एप्रिल १८७४, पॅरिस, नादार नावाच्या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ. तिथे तीसेक चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाच्या नादी न लागता स्वतःचं प्रदर्शन भरवलं, त्यात क्लोद मोनेचं ल हाव्र बंदरातल्या सकाळचं चित्र होतं, 'इंप्रेशन, सनराइज'. लुई लरवा नावाच्या समीक्षकाने 'इंप्रेशन' या शब्दावरून टिंगल केली आणि टिंगलीचंच नाव होऊन बसलं. आता कामाला लागू.

सामान

पत्र्याची ट्यूब हाच या सगळ्या प्रकरणातला खरा हिरो आहे असं माझं मत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट घेतलं, त्याआधी ऑइल कलर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांमध्ये भरून ठेवायचे, ते घेऊन नदीकाठी कोण जाणार? ट्यूब आली आणि लोक खोके घेऊन शेतात जाऊन बसले.

मोनेने १९०५ मध्ये एका पत्रात स्वतःचे रंग लिहून ठेवलेत: पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, डीप मॅडर, कोबाल्ट ब्लू आणि एमराल्ड ग्रीन. बस्स. फ्रेंच लोक ज्याला एमराल्ड म्हणतात तो आपल्या दुकानातला व्हिरिडियन, त्यामुळे दुकानात जाऊन एमराल्ड मागू नका, भलताच पोपटी रंग हातात येईल. मॅडरच्या जागी अ‍ॅलिझरीन क्रिमसन घ्या, कोबाल्ट महाग पडतो म्हणून अल्ट्रामरीन घेतला तरी चालतंय. पांढऱ्याची ट्यूब मात्र मोठी आणा, तोच सगळ्यात आधी संपतो.

काळा घ्यायचाच नाही. अ‍ॅलिझरीन आणि व्हिरिडियन एकमेकांत मिसळून बघा, जवळजवळ काळं होतं, आणि ट्यूबमधल्या काळ्यासारखं मेलेलं दिसत नाही. (हा नियम त्यांच्यातल्याच रेन्वारने मोडलाय, त्याच्या १८७४ च्या 'ला लोज' या चित्रात बाईच्या गाऊनवर चांगले काळे पट्टे आहेत. पण तो रेन्वार होता, आपण आधी सहा महिने नियम पाळू.)

ब्रश फ्लॅट घ्या, राठ केसांचे, सहा, आठ आणि दहा नंबर. बारीक ब्रश घरीच ठेवा, जवळ असला की हात आपोआप पानं मोजायला लागतो. दहा बाय बारा इंचांचा कॅनव्हास बोर्ड पुरे. अ‍ॅक्रिलिकवाल्यांना एकच अडचण, उन्हात रंग पाच मिनिटांत वाळतो आणि ओल्यात ओला रंग लावायची मजाच जाते. त्यावर उपाय म्हणजे मिठाईच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. आणि पाण्याचा स्प्रे जवळ ठेवायचा.

स्टेप १: कॅनव्हासचा आधीचा रंग

त्या काळात चित्रकलेच्या शाळेत शिकलेले चित्रकार तपकिरी थरावरून सुरुवात करायचे, अंधारातून उजेडाकडे. ह्या लोकांनी पांढरा, क्रीम किंवा फिकट राखाडी थर वापरला, आणि ब्रशच्या दोन फटकाऱ्यांच्या मध्ये तो तसाच दिसू दिला. तुम्ही आदल्या दिवशी फिकट राखाडीचा एक हात देऊन ठेवा. कोऱ्या पांढऱ्यावर भर उन्हात काम केलं तर डोळे दिपतात आणि सगळे रंग चुकून गडद लागतात.

स्टेप २: विषय छोटा, वेळ ठरलेली

पहिल्याच दिवशी सूर्यास्त घेऊ नका. वीस मिनिटांत पसार होतो. सकाळी साडेआठ ते साडेनऊ हा तास बरा, सावल्या लांब असतात आणि ऊन अजून रागावलेलं नसतं. मी आमच्या गच्चीवर वाळत घातलेला पांढरा पंचा घेतला. मागे पाण्याची टाकी, खाली लाल फरशी. हसू नका, पांढऱ्या वस्तूइतकं चांगलं शिक्षण कशातच मिळत नाही. मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात बर्फातल्या फाटकावर बसलेला एक मॅगपाय पक्षी रंगवला, ते चित्र आता पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे. सगळं चित्र पांढरं, आणि बर्फावरच्या सावल्या चक्क निळ्या. आपल्याकडे बर्फ नाही, पंचा आहे.

स्टेप ३: दहा मिनिटं नुसतं बघणं

सगळ्यात अवघड स्टेप ही, आणि सगळे हीच गाळतात.

पंचा पांढरा आहे हे विसरा. डोळे किलकिले करा आणि पंच्याचे तुकडे पाडा. ज्या भागावर थेट ऊन पडलंय तो पिवळसर पांढरा, जरासा लोण्यासारखा. घडीच्या आतली सावली बघा, तिथे ऊन पोचत नाही, फक्त वरच्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळसर जांभळी. आणि खालची कड? ती ना पिवळी ना निळी, तिथे फिकट नारिंगी झाक आहे, कारण लाल फरशीवर आपटलेलं ऊन खालून वर येतंय. एका पांढऱ्या पंच्यात तीन रंग, आणि पांढरा त्यात कुठेच नाही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अक्षरशः जवळ जाऊन पंचा उलटा करून बघितला, कुणी चहा सांडलाय का म्हणून.

रंग ओळखता येत नसेल तर एक युक्ती. कार्डशीटला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि त्यातून एकेक भाग बघा. भोकातून पंचा दिसत नाही, नुसता रंग दिसतो. वस्तूचं नाव गेलं की डोळे खरं बोलायला लागतात.

स्टेप ४: मोठे तुकडे

पातळ निळ्या रंगाने, ब्रशनेच, चार-पाच रेघा मारा. पंचा इथे, टाकी तिथे, फरशीची कड. पेन्सिल नको, खोडरबर तर नकोच. मग आठ-दहा नंबरच्या ब्रशने प्रत्येक मोठ्या भागाचा सरासरी रंग लावून टाका, आधी सावल्या आणि मग ऊन. पंधरा मिनिटांत कोरा कॅनव्हास दिसता कामा नये (मुद्दाम सोडलेल्या फटी सोडून). या वेळेला चित्र भिकार दिसतं, प्रत्येक वेळेला दिसतं, तरी पुढे जायचं.

स्टेप ५: रंग शेजारी शेजारी

आता खरी गंमत. त्या वेळच्या पॅरिसमध्ये शेव्हरल नावाचा एक केमिस्ट होता, गोबलँ या सरकारी गालिचा कारखान्यात रंगाईचा प्रमुख. विणकर तक्रार करायचे की काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात काही खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तकच छापलं. थोडक्यात, कुठलाही रंग एकटा नसतो, शेजारी त्याला बदलतात.

म्हणून पंच्यावर ऊन जास्त झगझगीत करायचं असेल तर आणखी पांढरा थापू नका, शेजारची सावली थोडी जास्त निळी करा. टाकी काळी आहे, पण तिच्यात अल्ट्रामरीनचे आणि अ‍ॅलिझरीनचे फटकारे वेगवेगळे ठेवा, पॅलेटवर घोटून एकजीव करू नका. एक फटकारा मारला की ब्रश उचला. परत त्यावरून फिरवायचा नाही. दोन-तीन फटकारे झाले की ब्रश चिंधीला पुसा, नाहीतर दहा मिनिटांत सगळ्याचं मिळून खरकट्या ताटासारखं होतं.

एक गैरसमज इथेच सांगतो. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की इंप्रेशनिस्ट रंग मिसळतच नव्हते, पिवळ्याशेजारी निळा ठेवायचे आणि डोळ्यात हिरवा तयार व्हायचा. हे फार ताणलेलं आहे. तसं शास्त्रशुद्ध ठिपक्यांचं काम नंतर जॉर्ज सरा या चित्रकाराने केलं. मोने पॅलेटवर भरपूर मिसळायचा, पांढरा तर सढळ हाताने. फक्त अर्धवट मिसळायचा, फटकाऱ्यात दोन रंगांच्या रेषा दिसतील इतपत.

फटकाऱ्याची दिशा पण बघा. पंचा खाली लोंबतो म्हणून उभे, फरशी आडवी म्हणून आडवे आणि लांब, मागच्या झाडाला तिरके तुटक. झाडाखालून कवडसे येत असतील तर ते गोलगोल पिवळे काढू नका, रेन्वारचं १८७६ चं मुलँ द ला गालेतमधल्या नाचाचं चित्र मोठं करून बघा, माणसांच्या कोटांवर पडलेले कवडसे फिकट गुलाबी-जांभळट आहेत आणि कडा कुठेच नीट नाहीत.

स्टेप ६: मोबाईल काढा

चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. समोरच्या दृश्याचाही काढा. दोन्हींतला गडद-फिका क्रम जुळतो का बघा, जुळत असेल तर रंग कितीही धीट असले तरी चित्र टिकतं. हीच युक्ती 'इंप्रेशन, सनराइज' वर करून बघा, त्यातला तो नारिंगी सूर्य जवळपास गायब होतो! कारण तो आजूबाजूच्या राखाडी आकाशापेक्षा उजळ नाहीच, फक्त रंगाने वेगळा आहे. म्हणून तो थरथरल्यासारखा दिसतो. मी तासभर त्या एकाच फोटोशी खेळत बसलो होतो, दूध उतू गेलं.

स्टेप ७: थांबायचं

एक तास झाला की ब्रश खाली. सावली सरकलेली असते, तुम्ही तिच्या मागे धावलात तर पंच्यावर साडेआठची सावली आणि टाकीवर साडेदहाची असा प्रकार होतो, माझ्या तीन चित्रांत झालाय. मोनेने यावर सोपा उपाय काढला होता, बरेच कॅनव्हास बरोबर ठेवायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीजवळच्या गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं त्याने अशी केली, नंतर रूआँ शहरातल्या कॅथेड्रलची तीसहून जास्त. आपल्याला दोन बोर्ड पुरतात, एक साडेआठचा, एक साडेपाचचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी, पंचा परत तसाच वाळत घालून (घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी घडी करून कपाटात ठेवतं).

घरी आणून दुरुस्ती केली तर चालते का? चालते, मोने स्वतः स्टुडिओत चित्रं पुरी करायचा, आणि त्यांच्यातल्याच देगाला तर बाहेर बसून रंगवणंच मान्य नव्हतं. पण पहिली दहा चित्रं तरी करू नका.

वाळवणं

ऑइल असेल तर हाताला न लागण्याइतकं वाळायला चार-पाच दिवस ते दोन आठवडे, जाड फटकाऱ्यांना आणखी. वार्निश सहा महिने तरी नको. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते, खोलीत पंख्याखाली हवेशीर ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, गच्चीवर पसरून वाळवायच्या आणि मगच कचऱ्यात. पंच्यापासून लांब, तेवढं बघा. अल्ट्रामरीनचा डाग धुतल्यावर जात नाही.